सळ्यांमधलं अंतर

नागपूरजवळचं फेटरी सोडून काटोलकडे निघालं की वावरांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, काळ्या दगडांचे ढीग दिसायला लागतात. काही ढीग जुने आहेत, त्यांतून बोरी-बाभळी उगवून मोठ्या झाल्या आहेत. काही ताजे आहेत, त्यांतल्या दगडांना अजून माती चिकटलेली आहे. या पट्ट्यातल्या माणसाला नुसतं ढिगाकडे बघून सांगता येतं की हा हातांनी रचला की यंत्रानं ओतला. हाताच्या ढिगात खाली मोठे गोटे असतात, वर बारके, आणि माती जवळजवळ नसते. यंत्राच्या ढिगात माती असते. मला जे सांगायचं आहे ते दगडांसोबत वावराबाहेर जाणाऱ्या त्या मातीबद्दल आहे.

नागपूर दोन खडकांच्या सीमेवर वसलेलं शहर आहे. पूर्वेला मौद्याकडे गेलं की जमिनीखाली फार जुने, फिकट पट्ट्यांचे खडक लागतात. पश्चिमेला कळमेश्वर, काटोल, हिंगण्याकडे वळलं की काळा दगड सुरू होतो. सीताबर्डीची टेकडी याच काळ्या दगडाची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरला, आणि त्या अफाट पसाऱ्याचा पूर्वेकडचा काठ आपल्या शहरापाशी येऊन थांबला. आमचं वडिलोपार्जित वावर कळमेश्वर तालुक्यात, म्हणजे काठाच्या अलीकडे, काळ्या दगडाच्या राज्यात. दादा शेती करतो. मी नागपुरात नोकरी करते आणि सुट्टीला जमेल तसं तिकडे जाते.

हे गोटे गोल का असतात, हा प्रश्न मला लहानपणी पडायचा. जवळ नदी नाही, मग यांना घासलं कोणी? उत्तर दगडाच्या आतच आहे. लाव्हा थंड होताना त्याला उभ्या-आडव्या चिरा पडतात आणि खडकाचे ठोकळे होतात. चिरांमधून पाणी झिरपतं. ठोकळ्याच्या कोपऱ्यांवर ते तीन बाजूंनी काम करतं, कडांवर दोन बाजूंनी आणि सपाट अंगावर एकाच बाजूनं. त्यामुळे कोपरे आधी कुजतात, कडा नंतर, आणि मधला गाभा गोल होत जातो. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत हे नीट दिसतं: मधे निब्बर काळा गोटा, त्याच्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत गेलेले तपकिरी थर आणि त्या थरांचाच झालेला मुरूम. म्हणजे आमची माती याच दगडातून निघाली आहे, आणि जो गोटा वावरात सापडतो तो अजून माती व्हायचा राहिलेला भाग आहे.

एक गोटा हातात घेऊन उलटा करून बघावा. वरची बाजू उन्हानं काळपट झालेली असते. खालच्या बाजूला पांढरा चुन्याचा लेप असतो, कुठे बोटानं खरवडला जाईल एवढा जाड. पावसाचं पाणी मातीतला चुना विरघळवून खाली नेतं आणि ओल वाळताना तो दगडाच्या पोटाशी साचतो. गोटा उचलल्यावर त्याच्या जागी जो खळगा राहतो, त्यातली माती मे महिन्यातसुद्धा आजूबाजूच्या मातीपेक्षा गडद असते. बोट घातलं तर थंड लागते. तिथे कधी विंचूही असतो, म्हणून वेचणाऱ्या बाया आधी पायानं नाहीतर खुरप्यानं गोटा हलवतात आणि मगच हात घालतात.

दरवर्षी वेचूनही दगड संपत नाहीत, ही या भागातली पिढ्यानपिढ्यांची तक्रार. कारणं तीन आहेत. पाऊस बारीक माती वाहून नेतो, दगड जागेवर राहतो, आणि काल जो वितभर खाली होता तो आज वर दिसतो. नांगराचा फाळ खालचे गोटे ओढून वर आणतो. तिसरं कारण काळ्या मातीच्या स्वभावात आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. भेगांमध्ये वरची बारीक माती पडते, मोठा दगड पडू शकत नाही. पुन्हा पाऊस आला की खाली भरलेली माती फुगते आणि दगडाला वर रेटते. कॅनडासारख्या थंड देशांत हेच काम बर्फ करतं. दगडाखालचं पाणी गोठून फुगतं, दगड उचलला जातो, आणि तिथल्या शेतकऱ्यालाही दर वसंतात दगड वेचावे लागतात. तिकडचे दगड प्राचीन हिमनद्यांनी आणून टाकलेले आहेत, आपले जागच्या जागी घडलेले, पण वाकून कंबर दोन्हीकडे सारखीच मोडते.

वजनाचं गणित मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. काळा दगड पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. फूटभर व्यासाचा गोल गोटा ४० किलोच्या वर जातो. दोन फूट व्यासाचा त्याच्या दुप्पट नाही, आठपट होतो, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घरात. पहिला एक माणूस दमून उचलेल. दुसऱ्याला पहार, दोर, बैलजोडी आणि चार माणसं लागतात. म्हणून आमच्या आजोबांच्या पिढीनं मोठे गोटे काढलेच नाहीत. ते वखर त्यांच्या बाजूनं वळवून घेत. बैलालाही ते ठाऊक असायचं. पास, म्हणजे वखराचं आडवं पातं, दगडाला अडला की बैल थांबायचे, वखर उचलून पुढे ठेवला जायचा, की काम परत सुरू. दगड आणि शेती शेजारी-शेजारी नांदत होते.

ट्रॅक्टर आला तसं हे बदलत गेलं. नांगराचा फाळ पुरलेल्या दगडात अडकला की एक बोल्ट तुटतो. तो तुटण्यासाठीच लावलेला असतो, म्हणजे फाळ आणि दांडा वाचतो. महागड्या नांगरांत स्प्रिंग किंवा हायड्रॉलिकची सोय असते, दगड लागला की फाळ वर उचलला जातो आणि दगड ओलांडला की आपोआप खाली येतो. फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरला ती सवलत नाही, त्याची पाती वाकतात. आणि मग आला हार्वेस्टर. सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीपासून थोड्याच उंचीवर असतात, त्यामुळे कापणीचा पाता अगदी खाली धरावा लागतो. त्यात गोटा आला तर पात्याचे दात जातात. आत गेलाच तर मळणीच्या ड्रमचं नुकसान. बऱ्याच हार्वेस्टरांत ड्रमच्या आधी दगड पडून राहावा म्हणून एक खोलगट कप्पा असतो, पण तो काही दगडांपुरता. पंजाबकडून सोयाबीनच्या हंगामात येणारे हार्वेस्टरवाले म्हणून आधी वावर बघतात आणि दगडाळ दिसलं की सरळ नाही म्हणतात.

तेव्हा दगड काढायची आजची घाई पिकासाठी कमी आणि यंत्रांसाठी जास्त आहे, असं माझं मत झालं आहे. सोयाबीनच्या झाडाला मुठीएवढ्या गोट्याचा त्रास नव्हता. हे मी यंत्रांना दोष द्यायला म्हणत नाही. मजूर मिळत नाहीत, सोंगणीच्या वेळी पाऊस डोक्यावर असतो, हार्वेस्टर लागतोच. पण दगड कोणासाठी काढतो आहोत हे ठाऊक असलं की किती काढायचे हेही ठरवता येतं.

आमच्या गावाकडे दगड काढायचा म्हणजे जेसीबी लावायचा, असं समीकरण आहे. मोठ्या, पुरलेल्या गोट्यांसाठी तो योग्यच. मागच्या लहान बकेटनं गोट्याभोवती खोदायचं, खालून धक्का देऊन सुटा करायचा, पुढच्या बकेटनं उचलून धुऱ्यावर. साडेतीनशे किलोचा गोटा तो काही मिनिटांत काढतो आणि तिथे त्याला पर्याय नाही. पण अनेक जण पुढे जाऊन त्याच पुढच्या बकेटनं सगळं वावर खरवडून घेतात. बकेटला तळ आहे, फटी नाहीत. दगडासोबत माती जाते. हिशेब सोपा आहे: एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावरून फक्त एक इंच थर निघाला तर ३,६३० घनफूट होतो, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापानं ३६ ब्रास. तीही सगळ्यात वरची, शेणखत पडलेली, पिढ्यांनी कसलेली माती. खाली काय उरतं? मुरूम, आणि कुठे कुठे चुनखडी. त्या चुनखडीत संत्रा लावला की काही वर्षांत पानं पिवळी पडतात, कारण चुन्यामुळे झाडाला लोह घेता येत नाही. मग औषधांच्या दुकानात चकरा सुरू होतात.

दगड वेचण्यासाठीच बनवलेलं यंत्र मी पहिल्यांदा दादासोबत पाहिलं ते काटोलच्या बाजूला, एका ओळखीच्यांच्या वावरात. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेलं. समोर रुंद पातं, ते दोन-तीन इंच मातीत शिरतं आणि माती-दगड दोन्ही उचलून मागे सळ्यांच्या फिरत्या पट्ट्यावर चढवतं. पट्टा ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, चालतो. चढताना तो हादरत असतो, माती सळ्यांमधून खाली गळते, दगड वर चढून मागच्या टाकीत पडतात. टाकी भरली की हायड्रॉलिकवर उचलून धुऱ्यावर रिकामी करायची. दुसऱ्या प्रकारात पट्ट्याऐवजी फिरतं चक्र असतं, ते आपल्या दातांनी दगड ढकलत सळ्यांच्या उतरत्या जाळीवर टाकतं. मोठ्या शेतांच्या देशांत आधी एक तिरपा दातेरी ढोल फिरवून सगळे दगड बाजूला एका ओळीत लावतात आणि मग वेचणारं यंत्र फक्त त्या ओळीवरून जातं. दगड न उचलता जागेवरच फोडून भुगा करणारी यंत्रंही आहेत, पण त्यांना फार ताकदीचा ट्रॅक्टर लागतो आणि काळ्या दगडावर त्यांचे दात लवकर झिजतात. स्कॉटलंडमधली बटाट्याची पद्धत मला सगळ्यात शहाणी वाटते: तिथे यंत्र दगड आणि ढेकळं वेगळी करतं आणि ती शेताबाहेर न नेता दोन वाफ्यांमधल्या सरीत पुरून टाकतं. ट्रॅक्टरची चाकं त्या सरीतून जातात, बटाटा मऊ मातीत वाढतो. सोयाबीन, वाटाण्यासाठी काही ठिकाणी तर दगड काढतच नाहीत. पेरणीनंतर जड रोलर फिरवून ते जमिनीत दाबून देतात, म्हणजे कापणीच्या पात्याला लागत नाहीत.

त्या दिवशी टाकी रिकामी होताना मी जवळ उभी होते. आधी खडखडाट, मग धूळ, आणि धूळ बसल्यावर ढिगात दगडांइतकीच ढेकळं. एक ढेकूळ उचलून मी दाबलं. फुटेना. आपटलं तेव्हा त्याचे चार तुकडे झाले, आत बारीक मुळ्या होत्या. सळ्यांना काय कळणार हा दगड आहे की उन्हानं कडक झालेली काळी माती? त्यांना फक्त आकार कळतो. सळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठं ते दगड, लहान ती माती.

मी ऑपरेटरला विचारलं, "हे अंतर किती आहे?"

"दीड इंच असंन, ताई."

"बदलता येतं?"

"येते ना. सळ्या काढून लावा लागते. पण कोणी सांगतच नाही. सगळ्याइले वावर सपा साफ पायजे."

तिथून परत येताना माझ्या डोक्यात तेवढंच होतं. दीड इंच हा आकडा कोणी ठरवला? कदाचित बनवणाऱ्यानं, कोणत्या तरी रेताड जमिनीचा विचार करून. रेताड माती सळ्यांतून सहज गळते. आमची काळी माती मे महिन्यात ढेकळं होऊन टाकीत जाते आणि पावसाळ्यात चिखल होऊन सळ्यांना चिकटते. तिच्यासाठी मधले थोडेच दिवस असतात, एखादा वळवाचा पाऊस पडून वाफसा आला, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी झाली, की. तेव्हा ढेकूळ हातात घेतलं तर आपोआप भुरभुरतं. यंत्र त्या दिवसांत चालवलं तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. पण ज्याचं यंत्र भाड्यानं फिरतं त्याला उन्हाळाभर काम हवं असतं, आणि ज्याला पेरणीची घाई आहे त्याला आजच हवं असतं.

उरलेला निम्मा प्रश्न अंतराचा. आमच्याकडे वर्षानुवर्षं गोटे वेचायला येणाऱ्या एक मावशी आहेत. हात कोपरापर्यंत ओरखड्यांचे. त्यांना मी विचारलं की वेचताना कोणता उचलायचा आणि कोणता सोडायचा हे कसं ठरवता. त्या म्हणाल्या, "जो पासेले लागते थो उचलाचा. बारका कायले उचलतं, पोरी? थो ओल धरते." आणि हे सांगताना त्यांनी पायाजवळचा एक लहान गोटा सरकवून खालची ओल मला दाखवली.

मृदाशास्त्रही तेच सांगतं. जमिनीवर सुटे पडलेले लहान दगड पावसाच्या थेंबाचा मार स्वतःवर घेतात, त्यामुळे मातीची पापडी धरत नाही, पाणी मुरतं आणि उन्हात वाफ कमी होते. मात्र तेच दगड मातीत घट्ट रुतून बसले आणि भोवती पापडी धरली तर उलट पाणी वाहून जातं. म्हणजे वखरणी-डवरणी चालू असलेल्या वावरात लहान गोटा सोबती आहे. ज्या नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे बरड, म्हणजे उथळ दगडाळ, जमिनीवरचं हे आच्छादन काढून टाकण्याआधी दहा वेळा विचार करायला हवा. अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आहे, तिथे देशभरच्या मातीचे नकाशे होतात. आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यानं यंत्र बोलवायच्या आधी आपली माती किती खोल आहे एवढं तरी बघून घ्यावं. हातभर खड्डा खणला की कळतं.

या भागात दगड काढण्याला आणखी एक बाजू आहे, आणि ती मला फार जवळची वाटते. काटोल रोडवरच्या जुनापाणीला शिळावर्तुळं आहेत. याच गोल काळ्या गोट्यांची, जवळजवळ तीनशे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात इथे राहणाऱ्या माणसांनी आपल्या मृतांभोवती ती रचली. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्यानं तिथे उत्खनन केलं आणि काही दगडांवर ओळीनं कोरलेले वाटीसारखे खळगे असल्याची नोंद केली. जवळच्या माहूरझरीला मणी घडवणाऱ्यांची वस्ती होती. पारशिवनीजवळच्या नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. म्हणजे दोन-तीन हजार वर्षांपूर्वी या माणसांकडे लोखंडी हत्यारं होती, आणि दगड कुठून उचलायचे व कुठे मांडायचे याचा पक्का विचार होता.

जुनापाणीची वर्तुळं संरक्षित आहेत. पण नागपूरच्या आसपास अशी कित्येक ठिकाणं आहेत आणि काही थेट वहितीच्या जमिनीत येतात. जेसीबीच्या ऑपरेटरला ते नुसते दगड दिसतात. एका दुपारी वर्तुळ मोडून धुऱ्यावर जातं आणि खाली काय होतं ते कोणालाच कळत नाही. आमच्या वरच्या तुकड्याच्या कोपऱ्यातही मोठे गोटे कमानीत पडलेले आहेत. बाबा तिथून वखर बाहेरून फिरवायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ते वर्तुळच आहे असं मी म्हणणार नाही. ते ओळखायचं काम पुरातत्त्वाच्या माणसाचं, आणि नागपूर विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. तोवर त्या कोपऱ्यात कोणतंही यंत्र जाणार नाही, हे दादानं आणि मी ठरवलं आहे.

बाकीच्या वावराचा निर्णय आम्ही तुकड्या-तुकड्यानं घेतला. खालच्या काळ्या तुकड्यात सोयाबीन असतं आणि हार्वेस्टर लागतो, तिथे यंत्र चालेल, पण सळ्यांचं अंतर तीन इंचांवर नेऊन आणि वाफसा बघून. तीन इंचांखालचा गोटा बहुतेक पात्याच्या खालीच राहतो. मधल्या तुकड्यात संत्रा लावायचा आहे. संत्र्याला सगळं वावर निवडायची गरज नाही. सहा बाय सहा मीटरवर हेक्टरी २७७ झाडं बसतात. खड्डे आणि ओळी मोकळ्या केल्या की झालं. खालचा मुरूम पाण्याचा निचरा करतो आणि तो संत्र्याला हवाच असतो. तिथे जेसीबी फक्त मोठ्या गोट्यांसाठी, बाकी मावशी आणि त्यांच्यासोबतच्या बाया. त्यांची मजुरी यंत्राच्या भाड्यापेक्षा जास्त पडेल, हे दादाला मी आधीच सांगितलं. तो म्हणाला, "पडू दे. माती तरी वावरात राहीन."

निघालेले दगड विकायचे नाहीत, यावरही आमचं एकमत झालं. गिट्टीवाले विचारून गेले होते. विकायचे तर महसूल खात्याची परवानगी आणि स्वामित्वधन आलं, पण तो मुद्दा नाही. उताराला आडवे, समपातळीत ते रचले तर वाहून जाणारी माती त्यांच्या मागे अडते. मधे सांडवा ठेवायचा, म्हणजे जोराच्या पावसात बांध फुटत नाही. गावच्या जुन्या विहिरी याच गोट्यांनी बांधलेल्या आहेत आणि अजून उभ्या आहेत. बरड तुकड्यावर तलावाचा गाळ आणून टाकायचाही विचार आहे. २०१७ पासून त्यासाठी सरकारी योजना आहे, आणि गाळ टिकायचा तर खालच्या अंगाला बांध आधी लागतो.

ऑपरेटरला मी पुन्हा फोन केला तेव्हा त्याला सळ्या बदलून मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं होतं. तो खुशीनं तयार झाला. सळ्यांचा दुसरा पट्टा मात्र त्याच्याकडे नाही, लोहाराकडून करून घ्यावा लागेल. गावोगावी आता अवजार बँका उभ्या राहत आहेत, शेतकऱ्यांच्या गटांना अनुदानावर यंत्रं मिळतात. दगड वेचणारं यंत्र मागताना त्याच अर्जात कमी-जास्त अंतराचे दोन पट्टे मागून घ्यावेत. दादानं आमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यायला लावला आहे, आणि तीन इंचांचा पट्टा किती सळ्यांचा होईल याचं माप लोहारानं घेऊन ठेवलं आहे.